थायमस काढायचा म्हणतात. मग टी पेशींना 'आपलं कोण' हे शिकवणार कोण?

दांडियाबाजार_वहिनी · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृती विभागात असते, इथे पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या दिरांना (वय ३८) मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकतात तो आजार) निघालाय. सुरुवात पापणीपासून झाली. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी डावी पापणी खाली. आम्ही म्हणायचो, दुकानाचा हिशेब रात्री बारापर्यंत चालतो, झोप पुरत नसेल. नवरात्रात गरब्याला गेले तर दुसऱ्या फेरीतच हात वर राहीनात. एका ठिकाणी तीन महिने ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेवटी एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि निदान झालं.

आता सांगतात, छातीतली थायमस ग्रंथी काढायची. स्कॅनमध्ये गाठ नाही, तरीही. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की शरीरावरच उलटणाऱ्या टी पेशी (रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी) या ग्रंथीत मारल्या जातात. घरी आल्यावर डोक्यात आलं, मारण्याची जागाच काढून टाकली तर त्या मोकाट नाही का सुटणार? तिथे विचारायचं सुचलं नाही, बाहेर पंधरा जण ताटकळत होते. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच: "शरीराला कळतं तरी कसं, आपलं कोण आणि परकं कोण?" दोन्हींची उत्तरं हवी आहेत.

लीलोचेवडो · सोमवार, रात्री ९.५२

सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला वीस वर्षांत हे कळलेलं नाही.
(दीर लवकर बरे होवोत.)

निवृत्त_मास्तर · सोमवार, रात्री १०.३५

वहिनी, आधी सासूबाईंचा प्रश्न घेतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. बडोद्यात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

शरीराला 'आपलं कोण' हे उपजत कळत नाही. टी पेशींचे पूर्वज अस्थिमज्जेतून थायमसमध्ये येतात ते कोरे. तिथे प्रत्येक पेशी आपला ग्राही बनवते, म्हणजे समोरचं चाचपून बघणारा हात म्हणा. हा हात कुठला नमुना समोर ठेवून बनत नाही. जनुकांचे तुकडे पिशवीत घालून हलवावेत आणि हाती लागतील ते जोडावेत, असा बनतो. तुकडे जोडण्याची ही निसर्गाची युक्ती सुसुमु तोनेगावा यांनी प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) जनुकांत उलगडली, १९८७ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. अशा सोडतीचा फायदा काय, तर आजवर कुणी न पाहिलेल्या विषाणूलाही धरणारा एखादा हात आधीच तयार असतो. पण त्याच सोडतीत तुमच्या थायरॉइडला, स्नायूंना, इन्सुलिनला धरणारे हातही निघणारच.

मग परीक्षा. थायमसच्या बाहेरच्या भागात पहिली. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर मांडते, ताटलीत प्रसाद ठेवावा तसे. टी पेशीला नुसता तुकडा ओळखता येत नाही, ताटलीसकटच धरावा लागतो. जिच्या हाताला ही ताटलीच लागत नाही ती पुढे निरुपयोगी. तिला कुणी मारत नाही. 'जग' असा इशारा तिला मिळत नाही आणि तीन-चार दिवसांत ती आपोआप संपते.

दुसरी परीक्षा मुख्यतः आतल्या गाभ्यात, आणि ती उलटी. इथे ताटलीत सगळं घरचंच असतं. जी पेशी घरचा तुकडा घट्ट धरते तिला आत्मनाशाचा हुकूम. पेशीच्या आत बिम नावाचं प्रथिन कामाला लागतं, ती आतल्या आत आवरतं घेते आणि शेजारच्या भक्षक पेशी तिचे अवशेष गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. आत्ता तुम्ही हे वाचत असतानाही तुमच्या छातीत थोडंफार हे चालू असेल.

म्हणजे अजिबात न धरणारी मेली, घट्ट धरणारी मेली, हलक्या हाताने धरणारी वाचली. शंभरातल्या दोन ते पाच बाहेर पडतात.

अलकापुरी_एमएस्सी · सोमवार, रात्री ११.०२

सर, एक भर. यूट्यूबवर सर्रास सांगतात की '९५ टक्के पेशी गद्दार म्हणून मारल्या जातात'. तसं नाही ना? आमच्या पाठ्यपुस्तकात मोठा वाटा पहिल्या परीक्षेत दुर्लक्षाने मेलेल्यांचा दिलाय.

आणि प्रश्न. थायमस छातीत. इन्सुलिन बनतं स्वादुपिंडात, थायरॉइडचं प्रथिन थायरोग्लोब्युलिन गळ्यात. गाभ्यात 'सगळं घरचं' मांडलेलं असतं म्हणता, ते तिथे येतं कुठून? रक्तातून वाहत आलं तर किती येणार?

निवृत्त_मास्तर · मंगळवार, सकाळी ६.१५

बरोबर, ते '९५ टक्के गद्दार' डोक्यातून काढा.

आणि प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. शास्त्रज्ञांनाही तो फार काळ छळत होता. बर्नेट यांनी १९५० च्या दशकात म्हणून ठेवलं होतं की स्वतःवर उलटणारे वंश लहानपणीच खुडले जात असावेत. १९६० चं नोबेल त्यांना आणि मेडावार यांना मिळालं. प्रत्यक्ष खुडताना बघायला मात्र १९८७-८८ उजाडलं. बासलमध्ये फॉन बोमर यांच्या गटाने असे उंदीर बनवले की त्यांच्या टी पेशींना एकच ठरावीक ग्राही असेल, आणि तो फक्त नरांच्या अंगात असणाऱ्या एका प्रथिनाला धरेल. माद्यांमध्ये या पेशी मजेत वाढल्या. नरांचं थायमस जवळजवळ रिकामं निघालं! इतका देखणा प्रयोग मी वर्गात दर वर्षी सांगायचो, आणि दर वर्षी मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणायचं, "सर, बिचारे नर."

पण ते प्रथिन नराच्या अंगात सगळीकडे असतं, थायमसमध्येही. इन्सुलिनचं काय? इथे आपली कमाटीबाग आठवा.

सयाजीराव महाराजांनी १८९४ मध्ये तिथे म्युझियम उभं केलं. बडोद्याच्या पोराने ममी बघायला इजिप्तला जायचं कारण नाही, देवमासा बघायला समुद्रावर जायचं कारण नाही. ममी आहे, निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, सगळं एका छपराखाली. थायमसच्या गाभ्यातल्या काही पेशी तेच करतात. स्वतः स्वादुपिंड नसताना थोडंसं इन्सुलिन बनवतात, थायरॉइड नसताना थायरोग्लोब्युलिन. शरीरातल्या हजारो 'स्थानिक' प्रथिनांचे नमुने. यासाठी लागणारं मुख्य प्रथिन 'आयर'. त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे, १९९७ मध्ये सापडलं. ते नेमकं हेच काम करतं हे २००२ मध्ये मॅथिस आणि बेन्वा यांच्या गटाने दाखवलं. नवख्या टी पेशीला या म्युझियममधून फिरवतात, आणि एखाद्या वस्तूवर ती झडप घालायला गेली की तिचा खेळ संपला.

पोटदुखी_डॉक्टर · मंगळवार, सकाळी ८.४०

मास्तर, उपमा आवडली, पण एका ठिकाणी ती फसते. म्युझियममध्ये ममीची खोली ठरलेली असते. थायमसमध्ये कुठलाही एक नमुना गाभ्यातल्या जेमतेम १ ते ३ टक्के पेशींतच सापडतो. या पेशीत इन्सुलिन आणि लाळेतलं काहीतरी, शेजारणीत डोळ्यातलं आणि आतड्यातलं, काही मेळ नाही. म्हणून नवख्या पेशीला चार-पाच दिवस गाभ्यात भटकत एकेकीला चाचपत जावं लागतं. शिवाय डेन्ड्रायटिक पेशी (नमुने दाखवणं हेच काम असलेल्या पेशी) हे नमुने उचलून इकडेतिकडे दाखवत फिरतात.

म्हणजे कमाटीबागेपेक्षा शुक्रवारच्या जुन्या बाजारासारखं जास्त. कुठल्या पथारीवर काय मिळेल, नेम नाही.

हेलसिंकीकर · मंगळवार, सकाळी ११.२०

मूळचा मांडवीचा, सध्या फिनलंडमध्ये. 'आयर' वाचून थांबलो. त्या जनुकात बिघाड होऊन होणारा आजार इथे इतर देशांपेक्षा जास्त दिसतो, साधारण २५,००० लोकांत एक. सार्डिनिया बेटावर आणि इराणी ज्यूंमध्येही आढळतो. एकच जनुक नादुरुस्त, पण हल्ला ठिकठिकाणी: गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, शिवाय तोंडात बुरशीचा संसर्ग पुन्हापुन्हा. माझ्या बायकोच्या ऑफिसमधल्या एकीच्या मुलाला आहे. म्युझियमची उपमा तेव्हा कुणी सांगितली असती तर मला पाच मिनिटांत कळलं असतं. वस्तू मांडायच्याच राहून गेल्या, म्हणून पोरं त्या न ओळखताच बाहेर पडली.

इथे बाहेर उणे अकरा आहे. कुणीतरी सेव उसळीचा फोटो टाका रे.

लीलोचेवडो · मंगळवार, दुपारी १.०५

फोटो टाकत नाही, पाप लागेल. आत्ताच दोन प्लेट झाल्या.

कारेलीबागचा_बाप · मंगळवार, रात्री १०.१०

वाचतोय कालपासून. लिहू की नको करत होतो.

माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. आता नऊची आहे. रोज चार वेळा टोचतो. नातेवाईक अजून विचारतात, लहानपणी पेढे फार दिले का? गोड खाण्याचा संबंध नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय, मला पटलंयही. पण 'ऑटोइम्यून आहे' या पलीकडे कुणी काही बोलत नाही. इन्सुलिनचा नमुना थायमसमध्ये ठेवलेला असतो म्हणता, मग माझ्या मुलीच्या वेळी काय झालं?

निवृत्त_मास्तर · मंगळवार, रात्री ११.३०

दादा, पेढ्यांचा काही संबंध नाही. हे पहिलं, आणि नातेवाइकांना माझ्या नावाने सांगा.

तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं काय झालं ते कुणी सांगू शकणार नाही. पण तुम्ही विचारलेल्याच जागी संशोधकांनी हात घातलाय. इन्सुलिनच्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक पट्टा आहे, त्यात एकच मजकूर पुन्हापुन्हा येतो. काहींच्यात तो पट्टा आखूड, काहींच्यात लांब. १९९७ मध्ये दिसलं की लांब पट्टावाल्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिन दोन-तीन पट जास्त बनतं, आणि त्यांना टाइप १ चा धोका कमी. आखूडवाल्यांच्यात कमी बनतं, धोका जास्त. गंमत अशी की स्वादुपिंडातल्या इन्सुलिनवर या पट्ट्याचा असा परिणाम दिसत नाही. फरक पडतो तो म्युझियमच्या कपाटात नमुना किती ठेवलाय याचा.

आखूड पट्टा बहुसंख्य लोकांत असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नाही. एमएचसीचे प्रकार यापेक्षा मोठा वाटा उचलतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. पट्टा तुम्ही निवडून दिला नाहीत, तिच्या आईनेही नाही.

कारेलीबागचा_बाप · मंगळवार, रात्री ११.४८

धन्यवाद सर. हिला वाचून दाखवलं.

गुळवेलप्रेमी · बुधवार, सकाळी ७.३०

सगळं शास्त्र ठीक आहे, पण मूळ कारण प्रतिकारशक्ती कमी होणं हेच. वहिनी, दिरांना गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ सुरू करा. इम्युनिटी वाढली की सगळं जागेवर येतं. आमच्याकडे शुद्ध घरगुती मिळेल, व्यनि करा.

पोटदुखी_डॉक्टर · बुधवार, सकाळी ७.५१

वहिनी, कृपया करू नका.

मायस्थेनियात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. स्नायूला मज्जातंतूचा निरोप घेणारा जो ग्राही असतो, त्याच्यावर शरीराची प्रतिपिंडं जाऊन बसतात. निरोप पोचत नाही आणि पापणी पडते. अशा वेळी 'इम्युनिटी वाढवा' म्हणजे आपल्याच घराची कडी काढणाऱ्याला पहार आणून देणं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, त्यात ऑटोइम्यून धर्तीच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, तेही सांगतो. पण ज्याला आधीच ऑटोइम्यून आजार आहे त्याच्यावर प्रयोग का करायचा? काहीही सुरू करायचं तर न्यूरॉलॉजिस्टना विचारून. मायस्थेनियात काही नेहमीची अँटिबायोटिक्सही चालत नाहीत, त्यामुळे सर्दी-तापाच्या डॉक्टरांनासुद्धा आजाराचं नाव आधी सांगा.

(आणि इथे विक्री चालत नाही. संपादक, बघाल का?)

संपादक · बुधवार, सकाळी ९.००

वरच्या प्रतिसादातलं व्यनिचं आवाहन नियमात बसत नाही. समज दिली आहे.

दांडियाबाजार_वहिनी · बुधवार, दुपारी २.२०

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना म्युझियमची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे दाखवलं तेवढंच कळतं." पण माझा प्रश्न अजून तसाच आहे हो. ३८ व्या वर्षी म्युझियमच पाडायचं?

निवृत्त_मास्तर · बुधवार, सायंकाळी ५.४५

सासूबाईंना वर्गात घ्यायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर उंदरांनी दिलंय, आणि फरक आहे फक्त तीन दिवसांचा.

१९६१ पर्यंत थायमसला कुणी मोजत नव्हतं. (त्याआधी काही दशकं तर तान्ह्या बाळांचं थायमस 'मोठं' दिसतं म्हणून क्ष-किरण देऊन ते आकसवायचे. बाळांत ते मोठंच असतं! पुढे त्यांतल्या काहींना थायरॉइडचा कर्करोग झाला.) १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी उंदराच्या पिल्लांचं थायमस जन्मल्याजन्मल्या काढलं. पिल्लं साध्या संसर्गांनी मरू लागली, आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचं शरीर ती झिडकारेना. लढणाऱ्या पेशीच नव्हत्या.

१९६९ मध्ये जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी थायमस तिसऱ्या दिवशी काढलं. अपेक्षा काय, थोडी सौम्य कमतरता. झालं भलतंच: शरीरच स्वतःवर उलटलं, माद्यांचे अंडाशय नष्ट झाले. नुसती घाण गाळण्याचं काम थायमस करत असेल तर याचा अर्थ लागत नाही. शिमोन साकागुची यांनी तो लावला. थायमस नुसतं मारत नाही. स्वतःच्या वस्तू बऱ्यापैकी धरणाऱ्या काही पेशींना ते मारण्याऐवजी नियामक करून बाहेर पाठवतं, आणि या नियामक पेशी बाहेर जाऊन इतरांचे हात आवरतात. पिल्लांमध्ये त्या थोड्या उशिरा बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी दार बंद केलं तर हल्लेखोर बाहेर आणि आवरणारे आत, असं होतं. १९९५ मध्ये त्यांनी या पेशींची खूण सांगितली, २००१ मध्ये ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी या पेशींना लागणारं फॉक्सपी३ हे जनुक शोधलं, आणि २०२५ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

आता दिरांचं. त्यांचं थायमस ३८ वर्षं चाललंय. मराठीत त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण वयात आल्यावर ते आक्रसत जातं, जागी चरबी येते. लढणाऱ्या आणि आवरणाऱ्या, दोन्ही पेशी केव्हाच बाहेर पसरल्यात आणि तिथेच आपली संख्या टिकवून असतात. नव्या फारशा बनत नाहीत, त्यामुळे न गाळलेल्या पेशींचा लोंढा सुटायचा प्रश्न नाही.

पोटदुखी_डॉक्टर · बुधवार, रात्री ९.१५

पूरक. निरोगी माणसांतही स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी असतातच. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने पुरुषांच्या रक्तात फक्त पुरुषांतल्याच एका प्रथिनाला धरणाऱ्या टी पेशी मोजल्या. मास्तरांच्या उंदरांच्या हिशेबाने शून्य हव्यात. बायकांच्या एक तृतीयांश निघाल्या! गाळणी जाणूनबुजून सैल आहे असं माझं मत. घट्ट केली तर विषाणूंना धरणारेही हात जातील, कारण विषाणूंचे तुकडे कधीकधी आपल्यासारखेच दिसतात. म्हणून बाहेरचे पहारे लागतात. टी पेशीला दुसरा दुजोरा मिळाला नाही तर ती बधिर होते, शिवाय सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे ब्रेक. कर्करोगाच्या नव्या औषधांत हे ब्रेक सोडतात, तेव्हा काही रुग्णांना थायरॉइडचा त्रास किंवा मधुमेह सुरू होतो. पेशी आधीपासून तिथेच होत्या.

थायमस का काढायचं? मायस्थेनियात बऱ्याच जणांच्या थायमसमध्येच उलट्या प्रतिपिंडांची कार्यशाळा सुरू झालेली असते. तिथे स्नायूसारख्या काही पेशी असतात, त्यांच्यावर नेमका तोच ग्राही. गाठ नसलेल्या १२६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये आला. नुसतं स्टेरॉइड घेणाऱ्यांपेक्षा स्टेरॉइडसोबत शस्त्रक्रियाही झालेल्या गटाची तीन वर्षांत तब्येत बरी आणि स्टेरॉइडही कमी लागलं.

फुकट काही नसतं हेही लिहितो. २०२३ मध्ये बॉस्टनहून आलेल्या अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांत पाच वर्षांत ८.१ टक्के मृत्यू दिसले, न काढलेल्या हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांत २.८ टक्के. हा जुन्या नोंदींचा अभ्यास, त्यामुळे थेट कारण-परिणाम म्हणता येत नाही. पण 'मोठ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही' असं आम्ही सर्रास सांगायचो, ते आता सांगवत नाही. विनाकारण काढू नये. दिरांच्या बाबतीत कारण आहे. तरी शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न सर्जनना जरूर विचारा, बाहेर पंधरा जण असले तरी.

अलकापुरी_एमएस्सी · बुधवार, रात्री ९.४०

धागा जतन करून ठेवतेय. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे.

दांडियाबाजार_वहिनी · २६ दिवसांनी, सायंकाळी ७.१०

मंडळी, झाली शस्त्रक्रिया. दुर्बिणीतून केली, चौथ्या दिवशी घरी. सर्जनना विचारलं, त्यांनी खुर्ची ओढून दहा मिनिटं समजावलं आणि डॉक्टर म्हणाले तेच जवळपास सांगितलं. फरक दिसायला काही महिने, कधी वर्षभरही लागेल. पापणी अजून संध्याकाळी पडते, गोळ्या चालू आहेत. अहवालात गाठ नाही, पण 'लिम्फॉइड फॉलिक्युलर हायपरप्लेसिया' लिहिलंय. घाबरायचं का?

पोटदुखी_डॉक्टर · २६ दिवसांनी, रात्री ८.०२

नाही. मी म्हटलं ती कार्यशाळा, तिचंच हे नाव. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींनी थायमसमध्ये बसवलेले अड्डे. दिरांच्या वयात, या आजारात हे नेहमी दिसतं. म्हणजे काढलं ते योग्य जागचंच काढलं.

निवृत्त_मास्तर · २६ दिवसांनी, रात्री ८.३०

सासूबाई काय म्हणतात?

दांडियाबाजार_वहिनी · २६ दिवसांनी, रात्री ८.४४

म्हणतात, म्युझियममध्ये बिऱ्हाड थाटलं होतं मेल्यांनी. टाके मंगळवारी काढणार आहेत.